आठवी ते दहावी आणि न जमणारं वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळांमध्ये विशेष शिक्षिका म्हणून काम करते. पालकसभा संपल्यावर जिन्यात, स्टाफरूमच्या दाराशी आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात, तेच इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचे, काही शिक्षकांचे आणि एक एका मुलाचा आहे. सगळी उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा आणि राज्य मंडळाची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

मुलगा आठवीत आला तरी त्याला धड वाचता येत नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

लक्षात येतं, पण उशिरा. ही मुलं लपवण्यात तरबेज असतात. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतात, आणि कधीकधी वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर त्यांचंच असतं. प्रश्नोत्तरं पाठ करतात. एका मुलाने मला मराठीचा उतारा खडाखडा म्हणून दाखवला होता. पुस्तक मात्र मागच्या धड्यावर उघडं होतं. वही पूर्ण, हजेरी पूर्ण, वर्गात गडबड नाही, मग अशा मुलाकडे कोण कशाला बघेल?

आपला मुलगा जगावेगळा आहे असं मात्र समजू नका. मुलांना कितपत वाचता येतं याची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२३ सालच्या पाहणीत, २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमध्ये, १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. म्हणजे चारांतलं एक. साठच्या वर्गात पंधरा.

यावर स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘नापास करणं बंद केलं ना, त्याचं हे फळ.’ मला ते अर्धवट वाटतं. ज्या पद्धतीने एकदा शिकवून वाचता आलं नाही, त्याच पद्धतीने त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसवल्याने ते कसं येणार? पहिली-दुसरीत अक्षरओळख झाली, तिसरीपासून ‘आता वाचता येतं’ असं गृहीत धरून विषय सुरू झाले आणि मधला पूल कुणी बांधलाच नाही, हे जास्त खरं आहे.

वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही? घरी किंवा वर्गात कसं तपासायचं?

पंधरा मिनिटं पुरतात. मूल एकटं असावं, दार लोटलेलं असावं आणि मजकूर त्याने कधीही न पाहिलेला असावा. पाठ्यपुस्तक नकोच. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावरची एखादी छोटी बातमी घ्या.

आधी त्याला मोठ्याने वाचू द्या आणि तुम्ही गप्प बसा. चूक सुधारायची नाही, फक्त टिपायची. तो अक्षराला अक्षर लावत वाचतो का? शब्दाचा पहिला भाग बघून उरलेला अंदाजाने ठोकून देतो का, म्हणजे ‘परवानगी’चं ‘परवा’ आणि ‘नगरपालिका’चं ‘नगरसेवक’? जोडाक्षराशी अडखळतो का? ओळ सुटते का? वाचून झाल्यावर त्यात काय होतं ते विचारा.

मग तशीच दुसरी बातमी घ्या आणि ती तुम्ही त्याला वाचून दाखवा. पुन्हा तेच विचारा. सगळ्यांत जास्त माहिती ही दुसरी पायरी देते आणि नेमकी तीच सगळे गाळतात. ऐकून त्याला सगळं कळलं, तर डोकं ठीक आहे, भाषा ठीक आहे, अडचण छापील अक्षरांच्या दारातच आहे. ऐकूनही कळलं नाही, तर प्रश्न वाचनाच्या अलीकडचा आहे : शब्दसंग्रह, भाषा, किंवा एकाग्रता. दोघांना लागणारी मदत वेगवेगळी, आणि आपण मात्र दोघांनाही ‘रोज एक पान वाच’ एवढंच सांगतो.

शेवटी दहा शब्द लिहायला सांगा. पाच साधे, पाच जोडाक्षरांचे. ते पान तारीख घालून जपून ठेवा, पुढे कामाला येतं.

म्हणजे हा डिस्लेक्सिया आहे का?

असू शकेल. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी व्यवस्थित असूनही अक्षरं आणि ध्वनी जुळवून वाचणं जड जाणं. पण त्याआधी तीन गोष्टी बाजूला काढायला हव्यात.

पहिली, डोळे आणि कान. हसू येईल, पण नववीपर्यंत चष्म्याचा नंबर कळलेला नाही अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्या दिवशी मूल शाळेत असेल एवढं बघा. कान सतत फुटणारी मुलंही वेगळी काढा. जे ध्वनी नीट ऐकूच आले नाहीत, त्यांची अक्षरं पक्की कशी होतील?

दुसरी, घरची भाषा. कोरकू, गोंडी, भिली, पावरी, बंजारा बोलणाऱ्या घरातलं मूल पहिलीत आलं तेव्हा त्याला अक्षरं आणि भाषा दोन्ही एकदम शिकायला लागली. त्याच्या वाचनातल्या चुकांना अक्षमता म्हणणं हा अन्याय आहे. तसंच वीटभट्टीवर, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलांचं. दिवाळीनंतरची शाळाच ज्यांनी पाहिली नाही, त्यांचं वाचन राहून गेलेलं आहे, बिघडलेलं नाही.

तिसरी, शिकवण्यातच राहिलेली पोकळी. अशा मुलाला पद्धतशीर शिकवायला लागलं की तीनचार महिन्यांत फरक दिसतो.

हे सगळं बघून, नीट शिकवूनही गाडी पुढे सरकत नसेल, घरात काका-मामा कुणाला असाच त्रास असेल (हे बऱ्याचदा आनुवंशिक असतं), आणि बोलण्यात, ऐकून समजण्यात, हातांच्या कामात मूल तल्लख असेल, तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला जागा आहे. शाळेतली चर्चा ‘एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) आहे का?’ या प्रश्नापासून सुरू होते, ती खरं तर तिथे संपायला हवी. कारण मदत सुरू करायला निदान लागत नाही. परीक्षेतल्या सवलतीसाठी कागद लागतो, शिकवण्यासाठी नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मराठी जसं बोलतो तसं लिहितो. मग मराठीत डिस्लेक्सिया कसा असेल? तो इंग्रजीवाल्यांचा आजार ना?

आजार तर नाहीच, आणि इंग्रजीवाल्यांचा मक्ताही नाही. फक्त मराठीत तो दिसतो वेगळा.

इंग्रजीत अशा मुलाचा शब्दच चुकतो. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचं नातं बरंच सरळ असल्याने मूल रखडत का होईना, बरोबर वाचू शकतं. पण फार हळू. ‘म-हा-न-ग-र-पा-लि-का’ इथपर्यंत पोचेस्तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून उडून गेलेली असते. त्यामुळे शिक्षक म्हणतात, ‘वाचता येतं हो त्याला, पण लक्ष नाही.’ लक्ष असतं. ते सगळं अक्षरं जुळवण्यात खर्च झालेलं असतं.

आणि आपली लिपी वाटते तितकी सरळही नाही. स्वरचिन्हं व्यंजनाच्या चारी बाजूंना बसतात : काना पुढे, मात्रा वर, उकार खाली, आणि पहिली वेलांटी तर चक्क मागे. ‘कि’ वाचताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते, जिभेला ‘क’ आधी म्हणावा लागतो. ‘र’ तर बहुरूपीच. ‘क्रम’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’, ‘वाऱ्यावर’ या चार शब्दांत त्याची किती सोंगं आहेत बघा. सूर्यामधला रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ‘य’च्या आधी. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, लिहायला एकच. ‘कमळ’मध्ये शेवटचा ‘ळ’ पूर्ण म्हणायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं.

शिवाय घ-ध, भ-म, प-ष, थ-य या जोड्या. पहिलीत सगळीच मुलं यांत गोंधळतात. आठवीतही गोंधळ टिकून असेल तर दखल घ्या. मात्र ‘अक्षरं उलटी दिसतात’ हे डिस्लेक्सियाचं मुख्य लक्षण आहे, हा समज सोडून द्या. मुळात अडचण डोळ्यांची नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्याची आणि त्यांना अक्षरांशी झटपट जोडण्याची आहे.

शाळा म्हणते तपासणी करून घ्या. सासूबाई म्हणतात, पोराला वेडं ठरवाल. काय करू?

सासूबाईंना सांगा, तपासणीत आधी बुद्ध्यांक बघतात तो याचसाठी : बुद्धी व्यवस्थित असूनही वाचन का अडतंय, हे कळावं म्हणून. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) ठरते तीच मुळी मूल ‘मंद नाही’ हे दिसल्यावर. आमच्याकडे येणाऱ्या आज्या हे एक वाक्य ऐकून निम्म्या शांत होतात. उरलेल्या निम्म्या नातवाचे मार्क बघून होतात.

प्रमाणपत्र कुठे आणि कसं मिळतं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून) याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. यात वाचनाची, लेखनाची, गणिताची अशा सगळ्या अडचणी येतात. त्यामुळे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचा, म्हणजे ढोबळमानाने शासकीय किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या मंडळाचा. मुंबईत शीव, नायर, केईएम इथे यासाठीची केंद्रं आहेत. इतरत्र जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून होतो आणि पुढे ‘यूडीआयडी’ कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं.

खासगी मानसतज्ज्ञाचा अहवाल मुलाला समजून घ्यायला फार उपयोगी, पण परीक्षा मंडळाच्या दारात तो एकटा चालत नाही. आठ-दहा हजार खर्चून बसलेले पालक हे ऐकून हबकतात, म्हणून आधीच सांगते.

जाताना मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, दोनतीन विषयांच्या वह्या, शाळेचं पत्र आणि मघाशी जपून ठेवायला सांगितलेलं ते तारखेचं पान न्या. काम एका दिवसात होत नाही, चकरा पडतात. रुग्णालयाच्या रांगेत दहावीचं वर्ष घालवू नका. आठवीतच सुरुवात करा.

एक गोची. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत असं होतं की प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, पण चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. अठराव्या वर्षीचं मग कायमचं. म्हणजे चौथीत काढलेलं प्रमाणपत्र नेमकं नववीच्या सुमारास शिळं होतं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मार्च २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या, तेव्हा आपल्या कागदावर मुदत काय छापलीय ते आजच काढून वाचा.

दहावीला नेमक्या कोणत्या सवलती मिळतात?

राज्य मंडळात अध्ययन अक्षम मुलांना १९९०च्या दशकापासून सवलती आहेत. २०१६च्या कायद्याच्या कलम १७ मध्येही जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा हे कुणाचे उपकार नव्हेत. सर्वसाधारणपणे मिळतं ते असं : तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, ज्याला सगळे रायटर म्हणतात. प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं. शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. गणिताची अक्षमता असेल तर कॅल्क्युलेटर, किंवा गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभव. भाषेच्या विषयात पर्याय.

सगळं सगळ्यांना मिळत नाही. प्रमाणपत्रात अडचण कोणती लिहिली आहे त्यावर सवलत ठरते. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो (राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत). परीक्षेची आवेदनपत्रं साधारण दिवाळीच्या आगेमागे भरली जातात, तेव्हाच हे काम उरकायचं. फेब्रुवारीत हॉल तिकीट हातात आल्यावर धावत येणारे पालक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

रायटर मिळाला म्हणजे प्रश्न सुटला ना?

नाही हो. रायटर घेऊन पेपर देणं ही स्वतंत्र कला आहे आणि ती बहुतेकांना परीक्षेच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा करावी लागते. तेही मराठीच्या पेपरला.

विचार करा. आतापर्यंत उत्तर हाताने लिहिलं, आता ते तोंडाने सांगायचं. तेही एका अनोळखी, आपल्यापेक्षा खालच्या इयत्तेतल्या मुलाला. वाक्य संपलं, नवा परिच्छेद घे, इथे मुद्दा क्रमांक दोन, आकृतीत बाण डावीकडून काढ, हे सगळं बोलून सांगायचं. आणि रायटरने चुकीचं लिहिलं तर ‘ए, खोड ते’ म्हणायची हिंमतही हवी. आपली पोरं तिथे संकोचतात. एका मुलीने मला परीक्षेनंतर सांगितलं, ‘मॅडम, तो दमला होता, म्हणून मी शेवटचा प्रश्न सोडला.’

म्हणून नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून सराव हवा. घरी आईने रायटर व्हायचं, पण आईने एक अक्षर पदरचं घालायचं नाही. (आयांना हे सगळ्यांत कठीण जातं.) आधी दोन गुणांची उत्तरं, मग पाच गुणांची. उत्तर सांगण्याआधी कच्च्या कागदावर तीन शब्द लिहायची सवय लावा, म्हणजे बोलताना धागा सुटत नाही. शाळेने सहामाहीला हीच सोय द्यायला हवी. वर्षभर न दिलेली सवलत मार्चमध्ये एकदम दिली तर ती मुलाच्या अंगावर येते.

जादा वेळेचंही तसंच. सरावाशिवाय तो एक तास खिडकीबाहेर बघण्यात जातो.

गणितातून सूट घ्यावी का?

घाई करू नका. पास होण्याचं दडपण जातं हे खरं. पण डिप्लोमा, विज्ञान शाखा, गणित लागणारे पुढचे अभ्यासक्रम यांच्या वाटा त्याबरोबर अरुंद होतात. मुलाची अडचण वाचनाची असेल आणि गणित फक्त शाब्दिक उदाहरणांमुळे अडत असेल, तर प्रश्न वाचून दाखवण्याची सवलत घ्या आणि गणित ठेवा. आकडेच डोक्यात बसत नसतील, साध्या बेरजेला घाम फुटत असेल, तर सूट जरूर घ्या, मनात काही किंतु न ठेवता. मात्र निर्णयाच्या वेळी मूल समोर हवं. बहुतेक घरांत ते शेजारच्या खोलीत असतं.

मी इतिहास शिकवतो. वर्गात साठ मुलं, पोर्शन पुरा करायचा. वाचन शिकवणं माझं काम कसं?

सर, तुमची अडचण खरी आहे. पण तुमच्या पुस्तकातला वाचायचा मजकूर तुमच्याइतका कुणालाच माहीत नाही. मराठीच्या बाई कविता शिकवतील, ‘सार्वभौमत्व’ कसं वाचायचं हे तुमच्याच तासाला शिकलं जाणार.

दहावीच्या इतिहासाच्या पहिल्याच पाठाच्या नावात ‘पाश्चात्त्य’ हा शब्द आहे. पा-श्चा-त्त्य. तीन अक्षरांत दोन जोडाक्षरं, एक तर तिहेरी. अडखळणारं मूल शीर्षकालाच आपटतं आणि पाठ मिटतं. पाठ सुरू करण्याआधी त्यातले पाचच अवघड शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, तोडून दाखवा, सगळ्या वर्गाकडून दोनदा म्हणवून घ्या, अर्थ सांगा. चार मिनिटं लागतात. फायदा पंधरा मुलांचा नव्हे, साठांचा होतो. विज्ञानाच्या बाईंनी ‘अपवर्तन’ आणि ‘परावर्तन’ शेजारी शेजारी लिहिले की निम्मी चूक तिथेच मरते.

आणखी एवढंच करा. उतारा आधी तुम्ही वाचा, मुलं बोटाने ओळ धरून ऐकू देत. फळ्यावरचं लिहून घ्या म्हणताना एका मुलासाठी त्याचा मोबाइल फोटो किंवा झेरॉक्स चालू द्या. पेपर तपासताना आशय आणि शुद्धलेखन वेगळं बघा : ‘शीवाजी’ लिहिणाऱ्या मुलाला पुरंदरचा तह कळलेला असू शकतो. तोंडी प्रश्न विचारत राहा. लेखी पाच गुण मिळवणारा मुलगा तोंडी वर्गात पहिला असतो, हे तुम्हाला एका महिन्यात दिसेल आणि मग तुम्हीच त्याच्या बाजूने बोलायला लागाल. मी हे होताना पाहिलं आहे, आणि तेही ‘नापास करा म्हणजे कळेल’ म्हणणाऱ्या सरांच्या बाबतीत.

मग त्याला उभं करून मोठ्याने वाचायला सांगू का? सवय होईल.

अजिबात नको. सवय होते ती हसू सोसण्याची. वाचून घ्यायचंच असेल तर आदल्या दिवशी चार ओळी ठरवून द्या, घरून तयारी करून येऊ दे.

पंधरा वर्षांच्या मुलाला बाराखडी कशी शिकवायची? त्याला लाज वाटते.

लाज वाटणारच, आपण त्याच्या हातात ससा-कासवाची गोष्ट दिली तर. मिसरूड फुटलेल्या मुलाला चित्रांचं पुस्तक दिलं की तो त्या दिवसापासून आपल्याशी बोलणं बंद करतो. पातळी पहिलीची चालेल, विषय त्याच्या वयाचा हवा. एसटीच्या पाट्या, क्रिकेटच्या बातम्या, गाडीच्या स्पेअर पार्टची यादी, वडापावची कृती, मित्राचा मेसेज, सातबारा. एक मुलगा माझ्याकडे फक्त बाजारभावाचं सदर वाचून वाचायला शिकला. कांद्याचा भाव त्याच्या घरचा प्रश्न होता.

क्रम मात्र पक्का ठेवा. आधी कुठली अक्षरं आणि चिन्हं खरोखर येत नाहीत ते शोधा. बहुतेकांना बाराखडी येत असते, गळती तीनचार ठिकाणी असते : ऱ्हस्व-दीर्घ, ऐ-औच्या दोन मात्रा, रफार, जोडाक्षरं. तेवढीच बुजवा. जोडाक्षरं घराण्याने शिकवा. आज ‘त्य’चं घराणं : सत्य, नित्य, हत्या, त्याचा, पाश्चात्त्य. उद्या ‘र’चं. शब्द ऐकवून त्याचे आवाज टाळ्या वाजवत सुटे करायला लावा, मग लिहायला. ऐकणं, बोलणं, बघणं, लिहिणं, चारही एकाच शब्दावर.

मग वेग. शंभरेक शब्दांचा एकच उतारा चार दिवस रोज वाचायचा, घड्याळ लावून, आणि सेकंद वहीत टिपायचे. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, चौथ्या दिवशी दीड. दुसऱ्या मुलाशी तुलना नाही, आपल्याच कालशी. जिममध्ये वजन वाढवतात तसं, असं सांगितलं की या वयाच्या मुलांना ते लगेच पटतं.

रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसवण्याचा काही उपयोग नाही. आणि शाळेत मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून रोज एक तास घेता आला, तर उत्तम. ‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक वर्गांत हे वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे, माध्यमिकला ते का चालू नये, मला कळत नाही.

मी नववीत आहे. मला सगळं समजतं पण वाचताना डोकं दुखतं आणि मुलं मला ‘ढ’ म्हणतात. मी ढ आहे का?

नाहीस. तू हा प्रश्न कसाबसा टाइप केलास किंवा फोनला बोलून लिहवलास, म्हणजे मार्ग काढायची अक्कल तुला आहे. आधी डोळे तपासून घे, डोकं दुखण्याचं कारण वेगळं असू शकतं. मग तुला ज्या बाई किंवा सर जरा आपले वाटतात, त्यांना मधल्या सुट्टीत एकटं गाठ आणि एवढंच म्हण : ‘मला ऐकून कळतं, वाचून कळत नाही.’ हे वाक्य शिक्षकांना पुरतं. आईबाबांना हेच पान वाचायला दे.

फोन धडा वाचून दाखवतो. ही फसवणूक नाही का? वाचायची सवयच जाईल.

चष्मा लावल्याने बघायची सवय जाते का? मुलाचं वाचन सुधारायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर विज्ञान, भूगोल थांबवून ठेवायचं का? दोन रूळ वेगळे ठेवा : वीस मिनिटं वाचन शिकण्याची, तिथे फोन बंद. बाकीचा अभ्यास कानाने, तिथे फोन चालू.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. अँड्रॉइड फोनमधली मजकूर वाचून दाखवण्याची सोय मराठी वाचते, गुगल लेन्सने छापील पानही वाचून घेता येतं. उच्चार थोडे रेडिओवरच्या जुन्या निवेदकासारखे, पण चालतं. याशिवाय ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. दृष्टिहीनांपुरतंच ते आहे असा समज आहे, डिस्लेक्सिया असलेल्यांनाही तिथे सदस्य होता येतं.

आणि सगळ्यांत भारी यंत्र अजून आजोबाच आहेत. रोज संध्याकाळी एक पान मोठ्याने.

इंग्रजी माध्यमातून काढून मराठीत घालू का?

पाचवीत विचारलं असतंत तर बहुधा हो म्हटलं असतं. नववीत मात्र सगळी परिभाषा बदलते : ‘फोर्स’चं बल होतं, ‘डेमॉक्रसी’ची लोकशाही, आणि वाचन दोन्हीकडे तेवढंच कच्चं. माध्यम बदलण्याऐवजी भाषांचं ओझं कमी करता येतं का ते बघा. घरी मात्र मराठी वाचन चालू ठेवाच. लिपी सोपी पडली की आत्मविश्वास तिथून येतो, आणि तो इंग्रजीलाही पुरतो.

रंगीत भिंगांचे चष्मे, मेंदूचे व्यायाम, ‘तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा’ अशा जाहिराती येतात.

पैसे जपून ठेवा. डिस्लेक्सिया औषधाने किंवा भिंगाने जात नाही. चिकाटीने शिकवल्यावर वाचन सुधारतं, एवढंच आणि एवढं नक्की. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका.

दहावीला दोनदा बसला, होत नाही. आता?

वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, विषय निवडता येतात, एकेक करून सोडवता येतात, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याची दहावी समकक्ष मानली जाते. अनेक पालकांना यात कमीपणा वाटतो. नियमित शाळेत तिसऱ्यांदा गटांगळी खाण्यात कोणता मोठेपणा आहे, असं मी विचारते.

पुढे ४० टक्के किंवा अधिक अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के जागांचा लाभ मिळतो. म्हणून दहावी झाली की ते कार्ड कपाटात टाकू नका.

आमच्या शाळेत विशेष शिक्षक नाहीत. कुणाला भेटायचं?

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात, समग्र शिक्षा योजनेतून नेमलेले. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा सोपवलेल्या असतात, त्यामुळे ‘येतो’ म्हणून येईपर्यंत दोन महिने जातात. मुख्याध्यापकांकडून लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मागे पडतं. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं ॲप आहे, त्यातली पहिली प्रश्नावली वर्गशिक्षकच भरू शकतात. ते निदान नव्हे, पण कुणाकडे आधी बघायचं एवढं कळतं.

आणि ते तज्ज्ञ येईपर्यंत वाट बघत बसू नका. वर सांगितलेली वर्तमानपत्राची चाचणी उद्या मधल्या सुट्टीत होऊ शकते. स्थानिक पानावरची बातमी घ्या, अग्रलेख नको. तो आपल्यालाही वाचवत नाही.